भोजाईले रडता येत नोतं

आमच्या तांड्यात पाहुनी बाई आली की तिच्याशी पहिले बोलत नाईत, पहिले रडतात. गळ्यात गळा घालाचा, हनुवटी खांद्यावर टेकाची, दोघींच्या डोक्यावरून एकच ओढनी घ्याची अन् सूर लावून रडाचं. किती दिसानं आली, मधात कोन गेलं, कोनाले लेकरू झालं, समदं त्या रडन्यातच सांगाचं. रडनं सरलं की डोळे पुसाचे, हासाचं, मंग च्या मांडाचा. घाटंजीच्या बाजारात बी आमच्या बाया अशा भर रस्त्यात रडतात. कुनब्याईची मानसं थांबून पाहातात, बाप्पा, कोन मेलं म्हनून. कोनीच मेलं नसते. तो आमचा रामराम आहे.

माह्या भोजाईले हेच येत नोतं. भोजाई म्हन्जे माह्या भावाची, अमरसिंगची बायको. नाव इंदू. आमच्यात इंदू नाव कोनाचंच नाई.

पन ती जातीची आमचीच, गोर बंजाऱ्याचीच. तिचे मायबाप बंडीवर मीठ घेऊन गावोगाव फिरत. रस्त्यातच पटकीनं दोघं बी गेले. पोरगी लहान, धड बोलता बी येत नोतं. संगच्या लोकाईनं तिले विठ्ठलराव पाटलाच्या ओसरीवर ठेवलं अन् बंड्या पुढं गेल्या. विठ्ठलराव वाईट मानूस नोता. कोनी मारलं नाई, उपाशी ठेवलं नाई. पन घरचे चुलीपाशी जेवत अन् ही ओसरीवर. ना लेक ना मोलकरीन. मोठी झाली तवा पाटलानं आमच्या तांड्याच्या नायकाले बलावलं, म्हनलं, तुमची पोरगी तुमच्यात घेऊन जा. नायकानं अमरसिंगशी लगन लावलं, अशी ती आमच्या घरात आली.

आमच्यात नवरी रडल्याबिगर माहेर सोडत नाई. इंदूनं कोरड्या डोळ्यानं सोडलं. कोनाच्या गळ्यात पडन? विठ्ठलरावानं नारळ देल्ला, सुखी राहा म्हनलं, अन् बैल पान्यावर न्याले निघून गेला.

आली तवा तिले काहीच येत नोतं. लुगड्याची सवय, घागऱ्यात पाय अडके. आमची बोली समजे, पन बोलाले गेली की अर्धं कुनब्याईचं निघे. भिंगाची कांचळी, म्हन्जे आमची चोळी, शिवाले बसली अन् बोटंच टोचून घेतले. याडी, म्हन्जे मायी माय, म्हने, "दोन वर्साच्या पोरीले जे येते ते बी हिले येत नाई." खरंच होतं. दोन वर्साच्या पोरीले निदान कोनी हासत नाई.

अन् मंग फुफी आली. सोनीबाई फुफी, माह्या बापाची बहीन, लय मानाची. तांड्याच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे, तेथी समद्या बाया तिच्याशी रडल्या. मंग नव्या सुनेची पाळी. फुफीनं इंदूच्या गळ्यात हात घातले, ओढनी ओढली अन् सूर धरला. ती मागं सरली, फुफीचे हात सोडवले, तिले झाडाखाली बसवलं अन् लोट्यातलं पानी तिच्या तोंडाले लावलं.

"बाई, रडू नका व. कोन गेलं तुमचं? देव आहे ना, होईन समदं बरं."

फुफीचं तोंड उघडंच राह्यलं. आम्ही पोट्ट्या हासून हासून लोळलो. पन बाया हासल्या नाईत. शेजारची रामीबाई म्हने, "रडनं तोडलं व हिनं. अर्ध्यात तोडलं."

अर्ध्यात रडनं तुटनं चांगलं नसते म्हनतात. फुफी तशीच उठली अन् बिनच्याची परत गेली. त्याच साली तिची म्हैस मेली. झालं. म्हैस म्हातारी होती हे कोनी बोललं नाई.

त्या दिवसापासून इंदूच्या गळ्यात कोनी पडलं नाई. सन असो, लगन असो, पाहुन्या येवोत, समद्या एकमेकीले धरून रडत अन् ती बाजूले लोटा घेऊन उभी. रामीबाई लांबूनच हात जोडे, "रामराम पाटलीनबाई!" अमरदादा वनीकडं कोळशाच्या खानीत कामाले. महिन्या-दीड महिन्यानं ये, कोळशासारखाच काळा, जेवे अन् झोपे. त्याले काय सांगन ती?

मी तवा तेरा-चौदाची. शाळा मी आधीच सोडलती. एका जागी मले बसवतच नोतं, मास्तर मारे, मंग एक दिवस मी बी पाटी फेकून मारली अन् घरी आली. म्हनून मी अन् इंदू दिवसभर संगच. कापूस वेचाले बी संगच, कारन दुसऱ्या बाया तिले आपल्या ओळीत घेत नोत्या.

एक दिवस पऱ्हाटीत वाकल्या वाकल्याच ती म्हने, "जमने, मले शिकव ना व."

"काय?"

"रडाचं."

मले हासू फुटलं. ती हासली नाई. म्हनून मी बी थांबली.

मंग रोज दुपारी आम्ही धुऱ्यावर बसो. मी म्हने, "हं, धर. अशी नाई, बोचकं उचलल्यासारखी नको धरू. हनुवटी टेकव. आता लांब श्वास घे." ती सूर लावे तर बकरी अडकल्यासारखा आवाज निघे. मी खो खो हासो. मंग ती बी हासे. पन सोडे नाई. उन्हाळा लागता लागता सूर बसला तिचा. सूर बसला अन् तेथीच अडलं.

"आता नाव घे," मी म्हनलं. "नाव घेतल्याबिगर रडनं पुढं जात नाई."

"कोनाचं?"

"तुह्या याडीचं."

"तिचं नाव नाई मले मालूम. तोंड बी आठवत नाई."

"मंग माह्या याडीचं घे."

"उसनी याडी घेऊन रडू?"

"मंग अमरदादाचं घे."

"तो त जिता आहे व!"

"मंग काय झालं? जित्यासाठीच रडतो आपन. मेल्याले कुठं आयकू जाते?"

तिनं केलं. "ए अमरसिंग..." म्हनलं अन् थांबली. मंग म्हने, "पुढं काय सांगू त्याले? त्याची अन् मायी धड वळखच नाई अजून."

आम्ही उठून कापूस वेचाले लागलो.

मंग ती एकटीच सराव करे. आमचा लाख्या नावाचा बैल होता, तांबूस रंगाचा, मारका. कोनाले जवळ येऊ देत नोता, इंदूले देत होता. सकाळी कडबा टाकाले गेली की ती त्याच्या गळ्यात हात घाले अन् हळूच सूर धरे. नाव नाई, शब्द नाई, निस्ता सूर. लाख्या खात राहे. मी पाह्यलं होतं, पन कधी बोलली नाई. रामीबाईनं पाह्यलं अन् त्याच दिवशी इहिरीवर समद्याईले सांगतलं.

"पाटलीनबाईले सोयरा भेटला व! बैलाच्या गळ्यात पडून रडते! बैलानं बी आता रडनं तोडलं म्हन्जे झालं!"

मी मागंच उभी होती. मी तिच्या डोक्यावरचं मडकं ओढलं अन् दगडावर आपटलं. "आता घरी जाऊन याच्यासाठी रड," म्हनलं. याडीनं मले त्या सांजी चुलीतल्या लाकडानं मारलं. मारू दे. पुन्हा बोलली असती त पुन्हा फोडलं असतं.

इंदू मले मोहरीचं तेल लावता लावता म्हने, "कायले केलं व? आता माह्यासंगं तुले बी कोनी बोलन नाई."

"नाई बोलू दे."

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या साली माह्यं लगन जमलं. मारेगावकडचा तांडा, पोट्टा लालसिंग. आमच्यात नवरीनं निघताना जे रडाचं असते त्याले ढावलो म्हनतात. लगनाच्या आधीपासून म्हाताऱ्या बसवून शिकोतात. मी म्हनलं, भोजाई माह्याजवळ बसन. याडी म्हने, "दाराबाहेर बसन. अन् निघताना तिच्या गळ्यात पडाचं नाई. तिनं रडनं तोडलं होतं, तुह्या संसारात इघ्न नको."

"मी पडनच."

रात्री इंदूनंच मले समजावलं. "नको करू, जमने. खरंच काही झालं तुह्यं त? तुह्या निरोपाचा बैल मी धरीन. लाख्या दुसऱ्याले धरू बी देत नाई."

तिनं असं म्हनलं म्हनून मी आयकलं. दुसऱ्या कोनाचं नसतं आयकलं.

निघाच्या दिवशी मी याडीच्या गळ्यात पडली, काक्याईच्या पडली, रामीबाईच्या बी पडाव लागलं. मंग नवरीले सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात. दोन्ही हात वर करून तिनं तांड्याचा निरोप गाऊन घ्याचा असते, अन् एकदा चढली की तेथून सीधं बंडीतच उतराचं. मी चढली. दोघा जनाईनं पाय धरले. मी तोंड उघडलं, दोन ओळी झाल्या, अन् खाली पाह्यलं. इंदू कासरा धरून उभी होती. मान खाली. तिच्या हातात माह्या लगनाच्या बांगड्या होत्या, मीच भरल्या होत्या.

माह्या तोंडून आवाजच निघेना. समदे शब्द पाठ होते. एक बी आला नाई.

डफ वाजवनाऱ्यानं हात थांबवला. रामीबाई म्हने, "तोडलं! त्या बयेचा हात लागला ना बैलाले!"

अन् खालून सूर आला. बकरीसारखाच. इंदूनं मान वर केली नाई, लाख्याच्या शिंगाकडंच पाहून ती गात होती, अर्धं गोरबोलीत, अर्धं कुनब्याईचं.

"ए जमनी, ए मारी याडी, तू मले बोलाले शिकोलं, तू मले घागरा घालाले शिकोलं. ए याडी, आता मी चुकली त मले हासन कोन व? माह्यासाठी मडकं फोडन कोन?"

याडी म्हनलं तिनं मले. मी तिच्याहून लहान.

कोनी हासलं नाई. रामीबाई बी नाई. मले वरूनच जबाब देता आला, मी देल्ला, जे सुचलं ते, अन् निरोप पुरा झाला. मंग मानसाईनं मले उचलून बंडीत बसवलं. बंडी निघाली तवा ती कासरा धरून तशीच उभी होती. तिच्या बाजूनं बाया परत जाऊन राह्यल्या होत्या, मोठ्या दगडाले वळसा घालतात तशा.

सासरी पहिल्या दिवशी समद्या बाया माह्याशी रडल्या, रीतीनं. मले समदं येते, मी बी रडली. पन मंग दिवस निघेना. सासरच्याईची भाकर पातळ, मायी जाड. याईचा पानोठा कुठं, कोनाशी हासाचं अन् कोनापुढं नाई, काही समजेना. लालसिंग चांगला आहे, पन तो बी नवाच. "जेवली का?" इचारते अन् उत्तराच्या आधी निघून जाते. माह्या भाकरीवर ननंदा हासल्या तवा पहिल्यांदा मले समजलं का इंदू तवा कशी उभी राहत असन.

होळीले अमरदादा मले न्याले आला. मोहाखाली समद्या जमल्या होत्या, फुफी बी आलती. याडीनं हात पसरले. मी तिच्या बाजूनं निघून गेली अन् मागं इंदू लोटा घेऊन उभी होती, तिच्या गळ्यात पडली.

"जमने, याडी इकडं आहे व!" याडी ओरडली.

ओढनीखाली इंदू कानात म्हने, "पहिले याडीले भेटाचं असते ना, येडे."

"रड लवकर. रामीबाई पाहून राह्यली."

आम्ही दोघी हासाले लागलो. आवाज दाबून, खांदे हालत. बाहेरून रामीबाईचा आवाज आला, "आलं व, आलं हिले रडता!" तवा त अजूनच हासू आलं. अन् मंग इंदूचं हासनं कवा सरलं मले समजलं नाई. माह्या खांद्यावर कांचळी ओली लागली. तिनं सूर धरला, बारीक, अन् त्यात समदं सांगतलं. दादा दिवाळीले आला नाई. लाख्या इकला. पऱ्हाटीत ती एका ओळीत एकटी.

आम्ही सुटलो. डोळे पुसले. अन् फुफी पुढं आली. म्हातारी झालती, काठी टेकत. ती माह्याकडं आली नाई. तिनं काठी माह्या हातात देल्ली अन् इंदूसमोर उभी राह्यली.

"त्या दिशी माह्यं अर्धं राह्यलं होतं," फुफी म्हने. "आता पुरं करू दे. अन् पानी पाजू नको."

तिनं इंदूच्या गळ्यात हात घातले. इंदूनं लोटा खाली ठेवला. फुफीनं जेथी तुटलं होतं तेथूनच धरलं, अन् इंदूनं तिले जबाब देल्ला. चुकला एक-दोन जागी. फुफीनं थांबून नीट केला अन् पुढं गेली. मंग दुसरी बाई उठली. मंग तिसरी.

मी एका हातात फुफीची काठी अन् दुसऱ्या हातात गाठोडं घेऊन बाजूले उभी होती. मले लय बरं वाटलं. खोटं नाई सांगत. पन तिकडं त्या समद्या ओढन्याईखाली इंदू दिसेनाशी झाली, अन् मले समजेना का आता मी कुठं उभं राहाव.

रंग खेळून झाल्यावर लालसिंग मले न्याले आला. इथी सासरी आता दुपारची येळ आहे, समदे वावरात गेले. ननंद म्हने उद्यापासून भाकरी तूच कर, मोडली त मोडली. मी पीठ चाळून ठेवलं आहे.