तुरीच्या तासांत एकटी

निंदणाला जोडी लागते, हे माझं ठाम मत. धुऱ्यापलीकडची, बांधाला बांध लागून असलेली शेजारीण आणि मी, आमची बारा वर्षांची जोडी होती. एक दिवस ती माझ्या वावरात, दुसऱ्या दिवशी मी तिच्या. दोघींच्याही ज्वारीत तूर असायची. चार तास, म्हणजे ओळी, ज्वारीचे, एक तुरीचा. अशा पिकात तणनाशकाचा फवारा चालत नाही. ज्वारीला सोसणारं औषध तुरीला मारतं. मग विळा घेऊन बसायचं. तोंडं मात्र बंद नसायची. गावातल्या एकूण एक सुनांना आम्ही तण काढता काढता नावं ठेवली.

यंदा तिनं नुसतं सोयाबीन पेरलं. एका सकाळी फवारा मारला, संपलं तिचं निंदण. आता मी तिला कोणत्या तोंडानं बोलावणार? आमच्यात दिवसाची फेड दिवसानंच व्हायची. म्हटलं, येईल आपणहून. नाही आली.

घरी तरी कोण होतं? मालक जाऊन चार वर्षं झाली, मुलगी कळंबला नांदते. निंदणाचे तेवढेच दिवस मी पोटभर बोलायची. आता सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एक शब्द तोंडातून निघत नव्हता. फार एकटं वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा.

आठव्या दिवशी डोकं फिरलं. कृषी केंद्रातून ज्वारीचं औषध आणलं. दुकानदारानं विचारलं, "ताई, वावरात तूर तं नाई ना?" मी सरळ नाही म्हणाले. मलाही कुणाची गरज नाही, एवढं तिला दाखवायचं होतं. तुरीचा तास चुकवून मारीन म्हटलं, पण वारं थोडंच माझं ऐकणार.

चार दिवसांत तुरीचे शेंडे पिळवटले. मी धुऱ्यावर बसून रडत होते, तेव्हा ती आली. हातात विळा.

"मले काहून नाई बोलावलं वं?"

"तुह्या वावरात निंदणच नाई. मी फेडू कुठं?"

"मी रोज विळा घेऊन निंगत होती," ती म्हणाली. "धुऱ्यापासून वापस जात होती. बिनबोलावता येऊ कशी? तुले वाटलं असतं, मजुरी मांगाले आली."

ती तुरीच्या तासात उतरून बसली. तुरीसोबत तणही करपलं होतं. विळा लावायला जागा कुठंच नव्हती. थोड्या वेळानं ती उठली आणि घरी गेली.