दोहा, अल खोर आणि फिनलंडच्या बाईंची लिफ्ट

कतारला कशाला गेले होते असं कुणी विचारलं तर मी "म्युझियम बघायला" असं सांगते. खरं कारण असं, की माझ्या दोन सख्ख्या बहिणी तिथे पाऊण तासाच्या अंतरावर राहतात आणि चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मोठी मंगलताई दोह्यात अबू हमूरला, धाकटी नमू उत्तरेला अल खोरला. आता नमूच्या नवऱ्याचा तिथला करार संपत आला होता आणि महिनाभरात ते कायमचे कॅनडाला निघाले होते. पाऊण तासाचा रुसवा मिटत नाही, तो सातासमुद्रापार काय मिटणार? म्हटलं, सुधाबाई, निघा.

भांडणाचं कारण ऐकून हसू नका. ताईच्या मुलीचा साखरपुडा दोह्यात झाला आणि त्याचं आमंत्रण व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं. नमू म्हणाली, "सख्ख्या बहिणीला एक फोन नको?" ताई म्हणाली, "घरच्या माणसाला कसलं आमंत्रण?" नमू गेली नाही, आणि का आली नाहीस असं ताईने विचारलं नाही. खलास.

मुंबईहून दोहा साधारण चार तास. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. मे महिन्यात जाऊ नका, मी गेले. मेट्रो झकपक आणि स्वस्त आहे, पण अबू हमूरला गाडीशिवाय पान हलत नाही. संध्याकाळी समुद्राकाठी कडक चहा घ्या, रियाल-दोन रियालमध्ये जिवात जीव येतो. इस्लामी कलेचं म्युझियम खरोखर सुंदर आहे. मी ते बघितलं, त्यामुळे वर सांगितलेलं कारण अगदीच थाप नाही.

तिसऱ्या दिवशी ताईच्या यजमानांनी एका व्याख्यानाचे फुकट पास आणले. फिनलंडच्या एक निवृत्त मुत्सद्दी आणि राजकारणी बाई स्वतःच्या आयुष्यावर बोलणार होत्या. भावोजी स्वतः आले नाहीत. फुकटची संस्कृती ते बायकोला आणि मेव्हणीला देतात. अशा कार्यक्रमांना जाताना शाल न्या, तिथला एसी माणसं टिकवायला लावल्यासारखा असतो.

बाई सत्तरीच्या. चेहरा असा, की आनंद झालाय की दाढ दुखतेय ते कळू नये. वडील उत्तरेकडच्या खेड्यात लाकडाचा ट्रक चालवायचे. "घरात कुणीच फारसं बोलायचं नाही, त्यामुळे भांडण झालंय हेच आम्हाला दोन दिवसांनी कळायचं," त्या म्हणाल्या. परराष्ट्र खात्यात टायपिस्ट म्हणून लागल्या, परीक्षा देत देत राजदूत झाल्या. मग दुर्बुद्धी सुचून, हे त्यांचंच म्हणणं, निवडणूक लढवली. खासदार झाल्या, मंत्रीही झाल्या. पुढच्या निवडणुकीत गावानेच पाडलं. जगभरच्या पाहुण्यांना भेटायला हिला वेळ आहे, आमच्या बारशा-मयताला नाही, ही गावाची तक्रार. आपल्याकडच्याच वाटल्या मला!

पडल्यावर मात्र बाईंचं नशीब उघडलं. रिकाम्या माणसाला मध्यस्थ करतात, हे तिकडेही चालतं. दोह्यातल्या एका हॉटेलात लढून दमलेले दोन पक्ष उतरलेले, एक तिसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. समोरासमोर बसायला कुणी तयार नाही. "माझ्या कारकिर्दीचा सगळ्यात महत्त्वाचा काळ लिफ्टमध्ये गेला," बाई म्हणाल्या. पहिला शब्द कुणी काढायचा, इथेच घोडं अडलेलं. शेवटी त्यांनी वर जाऊन सांगितलं, खालचे तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होते. खाली येऊन सांगितलं, वरचे तुमच्या आजारी नातवाबद्दल विचारत होते. कुणी काहीही विचारलं नव्हतं. थोड्याच दिवसांत मंडळी मधल्या मजल्यावर चहाला बसली.

"तुम्ही पकडल्या नाही गेलात?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

परतताना गाडीत ताई म्हणाली, "पक्की खोटारडी आहे गं बाई!"

"पण तह झाला ना?"

"राजकारणात चालतं. घरात नाही चालत." तिने रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी ताई पोळ्या लाटत होती. रक्ताचं नातं वगैरे सगळं माझं आधीच बोलून झालं होतं, उपयोग शून्य. मी पोळीकडे बघत म्हटलं, "नमू विचारत होती फोनवर, ताईच्या पाठीचं काय झालं म्हणून."

लाटणं थांबलं. मला वाटलं, आता बसतंय डोक्यात.

"नेमकं काय म्हणाली?"

"हेच. उठता-बसता त्रास होतो का अजून."

ताईने पोळी तव्यावर टाकली. "बरी आहे म्हणावं आता." मग पोळी उलटून म्हणाली, "तू जाणारच असशील तिच्याकडे. मी सोडते तुला."

मी आतल्या खोलीत पळाले आणि नमूला फोन लावला. "ताई विचारत होती गं, नमूला अजून प्रवासात उलट्या होतात का, एवढ्या लांबच्या विमानात कसं व्हायचं तिचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "जेवायलाच या दोघी. मी खास काही करणार नाहीये हं."

मुत्सद्दीपणा म्हणजे एवढंच होय! मी उगाच इतकी वर्षं बँकेत घालवली.

मेट्रो लुसैलपर्यंतच, पुढे अल खोरला गाडीच हवी. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू, अधूनमधून कंपनीच्या बसेस. तिथली खारफुटी बघण्यासारखी आहे म्हणतात, आम्ही बघितली नाही. दाराशी पोचल्यावर ताईने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग धरून बसून राहिली.

"तू हो पुढे."

"यल्ला, चल ताई. ऊन बघ."

नमूने दार उघडलं. तिच्या मागून सहा वर्षांच्या पोरीने ताईकडे बोट दाखवलं. "मम्मा, हू इज शी?"

मी तयार करून आणलेली वाक्यं पार विसरले. ताईने हॉलमधल्या सामानाकडे बघितलं. "असे बांधतात खोके? तळ फाटेल की! चिकटपट्टी आण." आणि पाठदुखीची ती बाई फतकल मारून जमिनीवर बसली.

नमूने चिकटपट्टी आणली. "मोठी मावशी आहे तुझी," तिने लेकीला सांगितलं आणि ओढणीने डोळे पुसले. खास काही न करता तिने पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवताना दोघींनी मिळून माझ्या वजनाची चर्चा केली, तेव्हा तह पक्का झाला असं मी समजले.

नाशिकला येताना खजूर आणले, ते संपले. नमू कॅनडाला पोचली, विमानात उलट्या झाल्याच. हे मला ताईकडून कळलं. परवा ताईचा फोन आला तेव्हा मला राहवेना. केलेला पराक्रम किती दिवस पोटात ठेवायचा?

"ताई, सांगू का? नमूने तुझ्या पाठीचं काही विचारलं नव्हतं."

"माहितीये. तुझ्या शेजारीच बसले होते की व्याख्यानाला."

"मग आलीस कशाला?"

"चार वर्षं जो तो माझी समजूत घालायला येत होता गं. माझ्यासाठी खोटं बोलायला कुणी आलं नव्हतं."