कावळा शिवला का

पैठणच्या घाटावर माझ्या धाकट्या भावाचे पिंड मांडून आम्ही दहाव्या दिवशी उन्हात उभे होतो आणि कावळा काही शिवायला तयार नव्हता. घाटावर आमच्यासारखी आणखी कितीतरी कुटुंबं होती. सगळ्यांचा भात, सगळ्यांचे वडे, कुणाची जिलबी. कावळे सकाळपासून खाऊन सुस्त झालेले, समोरच्या लिंबावर बसून होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. ही पोटं भरलेली आहेत हे मला लांबूनच कळत होतं. पण गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला," आणि सुरू झालं.

गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते एकेकानं पुढं होऊन ओळखायचं, ते पुरं करायचा शब्द द्यायचा, आणि झाडाकडं बघत राहायचं. काका म्हणाले, तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देईन. कावळे ढिम्म. आई म्हणाली, बाळा, मी माझ्या गोळ्या वेळेवर घेईन. ढिम्म. मी म्हणाले, तुझ्या लेकीला मी शिकवीन. तेव्हा एक कावळा खाली उतरला, पिंडाजवळ उड्या मारत आला आणि थांबला. तेवढ्यात माझी भावजय पुढं झाली. हात जोडून म्हणाली, "मी आईंना सोडून कुठं जाणार नाही. शेवटपर्यंत सांभाळीन." नेमकं त्याच वेळी पलीकडच्या लोकांनी ताजं पान मांडलं आणि तो मेला कावळा उडून तिकडं गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही सुटलो. म्हणजे मी सुटले, आई नाही सुटली. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "ही बोलली आणि तो उडून गेला." भावजय मागच्या सीटवर होती, लेक मांडीवर झोपलेली. तिनं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आता भाऊ गेला त्या दुपारचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या दुपारपाशीच अडलेलं आहे. भाऊ कंपनीतून लवकर घरी आला. छातीत जळजळतंय म्हणाला. आई सोफ्यावरून म्हणाली, "पित्त झालंय त्याला. लिंबू-सोडा दे." भावजय म्हणत होती, दवाखान्यात जाऊन येऊ. आई म्हणाली, "अगं, लहानपणापासूनचं पित्त आहे त्याचं, मला माहीत नाही का?" मग हिनं पेला भरून लिंबू-सोडा दिला. तो प्यायला, ढेकर दिला, बरं वाटतंय म्हणून आडवा झाला. पुन्हा उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, झटका फार मोठा होता, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे सगळं भावजयीनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, सोड्याचं आईंना कधी बोलून दाखवू नका."

मी नाही बोलले. महिनाभर तरी नाही.

पैठणहून संभाजीनगरला येताना वाटेत बिडकीन लागतं. तिथं एक बाई राहायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. त्यांच्याकडं म्हणे गेलेली माणसं येऊन बोलतात. शेजारच्या काकू आईला एकदा घेऊन गेल्या. आई परत आली ती डोळ्यांत पाणी आणि तोंडावर तेज घेऊन. मला छावणी भागातल्या माझ्या घरी फोन करून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ये." मी पोचले तशी सांगायलाच लागली.

"गेल्या गेल्या विचारलं त्यांनी, कावळा लवकर शिवला नाही ना? मी काही सांगितलं नव्हतं गं! आणि म्हणाल्या, त्याचा मोबाईल अजून चालू ठेवलाय तुम्ही. कसं कळलं सांग बरं?"

काय सांगायचं? अगं आई, त्या बाईचं घर पैठणच्या रस्त्यावर आहे. तिच्याकडं येणारी निम्मी माणसं घाटावरून पोळून आलेली असतात. कावळा झटकन शिवला असता तर कोण कशाला तिचं दार वाजवेल? आणि मोबाईल कोण महिन्याभरात बंद करतं? बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. आमच्याच घरात तो टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी हे सगळं बोलले, चांगलं आवाज चढवून बोलले. आई शांतपणे म्हणाली, "तुला तुझा भाऊ नको आहे. मला माझा मुलगा हवाय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"आणखी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आईनं स्वयंपाकघराकडं बघितलं. भावजय आत पोळ्या लाटत होती. आई आवाज खाली आणून म्हणाली, "एक बाई दिसते म्हणाल्या. जवळची, पण रक्ताची नाही. तिच्यापाशी त्याचा जीव अडकलाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जगात असा कोणता पुरुष मरतो, की ज्याच्या जवळ एक बिनरक्ताची बाई नसते? बायको असते, काकू असते, वहिनी असते. पण आईच्या मनात ती बाई एकच होती आणि ती आत पोळ्या लाटत होती. मला भीती वाटली. म्हणून ठरवलं, पुढच्या खेपेला आपणही जायचं.

जायच्या आधी मी आईकडून शब्द घेतला. म्हटलं, "आई, तुझं खरं असेल तर तो स्वतः सांगेल ना? मग तू काही बोलायचं नाही. मान हलवायची नाही. रडायचं सुद्धा नाही. नुसतं ऐकायचं. जमेल?" आई म्हणाली, जमेल. पोराला परीक्षेला बसवायला निघाल्यासारखी तयार झाली, इस्त्रीचं पातळ नेसून.

आक्कांचं घर नवंकोरं होतं, फरशी लखलखत होती. बाई साधी, गोड बोलणारी. मला वाटलं होतं केस मोकळे सोडून घुमत असेल. तसं काही नव्हतं. आम्हाला पाणी दिलं, आईचा हात हातात घेतला, डोळे मिटले.

"पोरगं लई गुणाचं होतं तुमचं. पर मनातलं बोलत नव्हतं."

मी आईचा दुसरा हात दाबला. आई गप्प.

"पाणी दिसतंय मला. पाण्याचं काही हाय का?"

गप्प.

"गाडीचं... नाय, गाडीचं नाय. पोटाचं? पोटाचं दुखणं व्हतं का त्याला?"

इतकी वर्षं मी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षा घेतेय. न शिकलेलं पोरगं असंच बोलतं. ऑक्सि... म्हणतं आणि माझ्या तोंडाकडं बघतं. मी भुवई जरा उचलली की लगेच, नाही मॅडम, नायट्रोजन. मी चेहरा दगडाचा केला की त्याला घाम फुटतो. म्हणायला आक्कांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांखालून आईच्या तोंडाकडं बघत होत्या. आणि आईनं, माझ्या भाबड्या आईनं, चेहरा खरंच दगडाचा केला होता. आक्कांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. डोक्याचं विचारून झालं, मणक्याचं झालं, कुणाशी भांडण झालं होतं का, झालं. एकही लागेना. मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, झालं, आता आईला दिसलं. आता सुटलो आपण सगळे.

मग आक्का एकदम थांबल्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "आलाय तो. हितं दारात उभा हाय. पर बोलंना. नुसता आईकडं बघतोय. आई बोलंना म्हून लेकरू उभंच हाय."

आईचा हात माझ्या हातातून सुटला.

"बाळा! छातीचं होतं रे राजा, छातीचं! आम्हाला कळलं नाही रे! पित्त वाटलं. सोड्याचा पेला दिला तुला..."

तिनं दाराकडं हात पसरले होते. मी आयुष्यात तिला तशी बघितली नव्हती, बाबा गेले तेव्हाही नाही. महिनाभरात कुणी तिला त्याच्याशी बोलू दिलं नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, आई, शांत हो.

"तेच म्हणतोय तो," आक्का म्हणाल्या. "पेला. कुणी दिला पेला?"

"सुनेनं."

"त्याच पेल्यापाशी जीव अडकलाय त्याचा."

त्या बाईला आमचं घर मोडायचं होतं असं मला वाटत नाही. आईचं मन जिकडं वळत होतं तिकडं ती चालत गेली, एवढंच. आईला एकच गोष्ट ऐकायची होती, की तो पेला आपला नव्हता. पण ओळखून ओळखून बोलणाऱ्या माणसाला पुढं काय होईल याचं ओझं नसतं, याचा मला आजही राग येतो.

आम्ही घरी परतलो. आई घरात शिरून सोफ्यावर बसली. भावजयीनं नेहमीसारखा पाण्याचा पेला आणून पुढं धरला. आईनं तो घेतला नाही. स्वतः उठली, माठापाशी गेली आणि हातानं पाणी घेऊन प्यायली. मग माझं भान सुटलं.

"आई, सोडा द्यायला तू सांगितलंस! ही दवाखान्यात चला म्हणत होती. पित्त आहे म्हणून तू बसवलंस तिला!"

आई भिंतीला धरून उभी राहिली. मग भावजयीकडं वळून अगदी हळू विचारलं, "मी सांगितलं होतं का गं?"

भावजयीच्या हातात तो पेला तसाच होता. तिनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"नाही, आई. तुम्ही नव्हतं सांगितलं. मीच दिला."

मी तिला ओढत गॅलरीत नेलं. म्हटलं, "वेडी आहेस का तू? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"ताई, खरं कळलं तर त्या जगायच्या नाहीत."

"आणि तुझं काय?"

"मला पोरगी आहे," ती म्हणाली.

त्यानंतर आईनं तिला घालवून दिलं असं कुणी म्हणू शकणार नाही. आई एक शब्द बोलली नाही. फक्त तिच्या हातचं पाणी घेईना. मग चहा घेईना. मग जेवणाचं ताट तिनं वाढलं की भूक नाही म्हणायची, आणि ती आत गेली की स्वतः वाढून घ्यायची. पोरगी विचारायला लागली, "आजी मम्मीच्या हातचं का खात नाही?" शाळेचं वर्ष संपल्यावर जालन्याहून भावजयीचा भाऊ गाडी घेऊन आला. निघताना ती आईच्या पाया पडली. आईनं आशीर्वाद दिला, डोळे पुसले, पोरीच्या हातात खाऊ दिला. घाटावर दिलेला शब्द मोडून चालले, एवढंच ती मला जिन्यात म्हणाली. मी तिला थांब म्हणू शकले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार, तिथं रोज ते ताट मी थोडीच वाढणार होते?

वर्षश्राद्ध आम्ही घरीच केलं. भावजयीला बोलवायचं मी दोनदा काढलं. आई दोन्ही वेळा म्हणाली, "कशाला उगीच पोरीची शाळा बुडवायची." गुरुजी आले, विधी झाला. मी पान वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि आत वळले सुद्धा नव्हते, तोच कावळा आला. नीट बसला आणि वडा उचलून गेला. मागून दुसरा आला, तिसरा आला. पान रिकामं.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर एका हॉटेलवाल्यानं खरकटं टाकायला सुरुवात केलीय. तेव्हापासून तिथं कावळेच कावळे असतात. कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही म्हणून आईच रोज करवादत असते.

आईनं हात जोडले. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला. "बघितलंस?" ती म्हणाली. "ती गेली आणि शिवला. झाली त्याची इच्छा पुरी."

मला ओरडायचं होतं. हॉटेलवाला, प्लॉट, खरकटं, सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती जेवायला बसली होती आणि वर्षात पहिल्यांदा तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी वाढला.

दुपारी भावजयीचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला. रिकामं पान अजून कठड्यावरच होतं. आत आई शेजारच्या काकूंना कावळ्याचंच सांगत होती, मी दार लोटून घेतलं.

"ताई, झालं का सगळं नीट?"

"झालं."

मग तिनं विचारलं, "शिवला का?"

हो म्हटलं तर तिला काय ऐकू जाईल ते मला कळत होतं. जे आईला दिसलं तेच.

"नाही गं," मी म्हणाले. "खूप वेळ थांबलो. एक आला, कठड्यावर बसला, घरात डोकावून इकडंतिकडं बघितलं आणि गेला. कुणाला तरी शोधत होता."

ती रडायला लागली. वर्षभरात तिचं रडणं मी ऐकलं नव्हतं. रडता रडता म्हणाली, "मी नव्हते ना तिथं, ताई. म्हणून."

"हो," मी म्हणाले. "तेच म्हणतोय तो."