सदतीस मॅडम आणि लाल ठिपके

आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या मॅडमना नावानं कुणी ओळखायचं नाही. पोरांनी त्यांचं नाव सदतीस मॅडम ठेवलं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. किरणोत्सर्ग मोजायचं जुनं माप क्युरी, नवं बेक्वेरेल. पुस्तकात एक, प्रश्नपत्रिकेत दुसरं, अशी नव्वदच्या दशकात बारावीच्या पोरांची ओढाताण चालायची. मॅडम एस.टी. स्टँडवर भेटलेल्या पोरालाही सोडत नसत. "मिलिक्युरीचे मेगाबेक्वेरेल कसे करशील?" पोरगं पिशवी सावरत म्हणायचं, "सदतीसनं गुणून." मगच त्याला गाडीत चढता यायचं.

मी मराठीचा मास्तर, आकड्यांशी माझं वाकडं. पण स्टाफरूममध्ये खुर्ची शेजारी, त्यामुळं मलाही शिकावं लागलं. "सर, बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटला, एवढंच. लई बारीक माप. क्युरी म्हणजे सेकंदाला सदतीसशे कोटी. क्युरी पोतं, बेक्वेरेल दाणा. पोतं दाण्यांत मोजलं म्हणून ज्वारी वाढत न्हाई." एकदा मला एकशे दोन ताप होता, तर रजेला निघालेल्या मला त्यांनी दारात अडवून "एकशे दोन काय?" असं विचारलं. फॅरनहाइट आठवेपर्यंत मी चौकट धरून उभा होतो.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि राहिलेला रोग मारायला मुंबईला त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. जन्मभर फळ्यावर शिकवलेलं माप आता त्यांच्या पोटात गेलं होतं. डॉक्टरांनी जितके दिवस माणसांपासून लांब राहायला सांगितलं तितके दिवस त्या घरात एकट्या राहिल्या, वर स्वतःच्या मनानं आणखी महिनाभर. मग बारावीची परीक्षा तोंडावर आली तशा कामावर हजर झाल्या.

प्राचार्य कॉमर्सचे. मॅडम जाताना शंभर मिलिक्युरी असं काहीतरी बोलल्या होत्या, ते त्यांच्या ध्यानात होतं. आता रजेच्या अर्जासोबतच्या हॉस्पिटलच्या कार्डावर ३७०० मेगाबेक्वेरेल होतं. स्टाफरूमच्या दारातूनच ते म्हणाले, "मॅडम, जाताना शंभर होतं, आता तीन हजार सातशे झालंय. हे वाढून राहिलं. पूर्ण बऱ्या होईपर्यंत तुमी वर्गावर जाऊ नका." म्हणजे कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. वर्ग गेला की मागोमाग नोकरीही जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"सर, शंभराला सदतीसनं गुणा," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांचे ओठ हलले. उत्तर आलं, पण पाय काही उंबऱ्याच्या आत आला नाही.

"डोस मोठाच होता, म्हणून तर लांब राहिले. आता त्यातलं नावालाच शिल्लक हाय. आन् तुमच्या डोंगरकड्याच्या बागेतल्या एकेका केळातबी पंधराएक बेक्वेरेल असतात. ते ट्रक भरून काहून पाठवता मग?"

मला हसू आलं, पण तेवढ्यात मॅडमची नजर माठाकडं गेली. स्टीलच्या ग्लासांपासून एक ग्लास वेगळा ठेवला होता आणि त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. मॅडम औंढ्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. वेगळ्या ग्लासाचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रागावल्या की मॅडमचं बोलणं आणखीच गावाकडचं व्हायचं.

"माझ्या बापाला शाळेत पाणी वरून ओतायचे. त्यो विटाळ किती आन् कवा सरणार, हे कुणी सांगितलं न्हाई. माझ्या आयोडीनला हिशेब आहे, आठ दिवसांत अर्धं व्हावंच लागतं त्याला. तुमचा हा ग्लास किती दिवसांत अर्धा होतो ते सांगा, तवर मी घरी बसते."

त्यांनी शिपायाकडून रंगाचा डबा मागवला, खाली बसल्या आणि उरलेल्या सगळ्या ग्लासांवर एकेक लाल ठिपका दिला. वेगळा ग्लास त्यांत मिसळून टाकला. मग खडू घेऊन वर्गावर गेल्या आणि स्वतःचाच डोस फळ्यावर लिहून पोरांना म्हणाल्या, "आज माझ्यात किती उरलं, काढा."

स्टाफरूममध्ये पाण्याला कुणी हात लावेना. पण आमच्याकडचं मार्चचं ऊन असले हट्ट फार वेळ चालू देत नाही. दुपारी प्राचार्यच आले, एक ग्लास उचलला, फिरवून पाहिला आणि घटाघटा प्यायले. मॅडमना वर्गावरून पुन्हा कुणी हटवलं नाही.

काही वर्षांनी तो रोग परत आला आणि त्यांना घेऊन गेला. शेजारची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा मला फार एकटं वाटलं. पुढं जुने ग्लास चेपले म्हणून नवे आणले. शिपायानं विचारलं, "सर, ह्यांच्यावर काही खूण करू का?" प्राचार्य निवृत्तीला आले होते. खाली बघत म्हणाले, "लाल ठिपका दे. सगळ्यांवर दे, माझ्याबी ग्लासावर."

नव्या मास्तरांना वाटतं, ग्लास चोरीला जाऊ नयेत म्हणून ती खूण आहे. मी त्यांना खरं कारण सांगतो. त्यांनी विचारलं नाही तरी सांगतो.