वाजेल तो कापेल काय

मामा चाकू डोळ्यांनी बघत नसत, कानाशी धरत. खिशात मावणारा, घडीचा कुठलाही चाकू हाती आला की नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांतला पंखा बंद होई, मग मामींचा कुकर उतरवला जाई, आणि मामा डोळे मिटून पातं उघडत नि मिटत. आलेल्या पाहुण्यानेही तोवर बशीत चमचा वाजवायचा नाही. एवढी शांतता आमच्याकडे कुणी गेल्यावरही पाळत नाहीत. मामा गेले तेव्हा तर नाहीच पाळली.

कुलपांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासनीस म्हणून नोकरी केली. कुलूप नीट लागलं की नाही, हे आवाजावरून ओळखायचं. निवृत्त झाल्यावर कुलपं सुटली, कान तसेच राहिले. बिस्किटांच्या डब्यात, जुन्या बनियनच्या तुकड्यांत गुंडाळलेले त्यांचे अकरा चाकू होते. त्यातला रामपुरी त्यांना मुळीच आवडत नसे. "कट-कट-कट दात मोजत उघडतो. वरात आहे का ही?" लाकडी मुठीचा, गळ्यात कडं असलेला एक होता, तो श्वास सोडावा तसा उघडे. आणि पितळी मुठीचा एक बारीक चाकू तर पापणी मिटावी तसा मिटे. तो ऐकवताना मामांच्या डोळ्यांत पाणी येई. मंजूच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, दहावीच्या निकालाला आलं नव्हतं.

मी एकदा त्यांच्यासाठी मोबाइलवरून एक काळा, झोकदार चाकू मागवला. त्यांनी तो एकदाच उघडला. "हा उघडत नाही रे, ओरडतो. परत पाठव." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "वाजेल तो कापेल काय!"

हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणत, तो समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ऐकू जाई. मामी म्हणायच्या, "आमच्याकडे चाकू मुके आणि धनी लाऊडस्पीकर." मामांना हा विनोद कधीच कळला नाही. माणसांना त्यांनी कधी कान लावून ऐकलंच नव्हतं.

मंजूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, डोंबिवलीचा. दोघांचं आधीच जमलेलं, मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. बोलणी करायला मुलाचे वडील, नाना, नौपाड्यात आले. मामींनी फळांची ताटली पुढे ठेवली. नानांनी मोठ्या ऐटीत खिशातून एक लाल चाकू काढला. मुलाने परदेशाहून आणलेला. खट्ट! सफरचंद अर्धं झालं. खट्ट! चाकू मिटला.

मामींनी डोळ्यांनी विनवलं. पण मामा बोललेच. "नाना, हा डोंबिवलीहून निघतानाच उघडायचा होतात. आम्हाला इथे कळलं असतं, पाहुणे निघाले म्हणून."

कुणीच हसलं नाही. नानांनी चाकू खिशात टाकला, अर्धं सफरचंद ताटलीतच ठेवलं आणि "कळवतो" म्हणून ते उठले.

आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी मुलाने मंजूला सांगितलं, बाबा ऐकायलाच तयार नाहीत. मंजू रडली नाही. तिने वडिलांना एवढंच म्हटलं, "बाबा, तुमचा विनोद झाला, माझं लग्न गेलं." मामा म्हणाले, "वाजत होता तो. खोटं कसं बोलू?" मंजू दार लावून आत गेली. ते मात्र चांगलंच वाजलं.

त्या शनिवारी मामांनी मला फोन केला. "कल्याणला काम आहे, चल." आम्ही उतरलो डोंबिवलीला. जिना चढताना मामा थांबले. "माझी शपथ आहे तुला, मंजूला यातलं एक अक्षर बोललास तर याद राख."

नानांनी 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं. आतून पेरू आणले. एक फोड कापायची, चाकू मिटायचा. पुन्हा उघडायचा, पुढची फोड. खट्ट. खट्ट. चार पेरू झाले. मामांचे कान तांबडे झाले होते आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. शेवटी नानांनी चाकू त्यांच्या कानाजवळ नेऊन मिटला.

"काय बापट, येतो का आवाज?"

मामा म्हणाले, "छे हो. अजिबात नाही."

नानांनी चाकू पुसून खिशात टाकला. मग आत वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि कालनिर्णय आण, तारखा बघू."

परत येताना मामा फलाटावरच्या बाकावर बसून होते. दोन गाड्या सोडल्यावर हळूच म्हणाले, "मिटताना पातं आपटतं. स्प्रिंग भलतीच कडक." त्यांचा एवढा बारीक आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पुढेही नाही.

लग्न झालं. नाना मोठ्या मनाचे म्हणून निभावलं, असं दोन्हीकडे ठरून गेलं. मामांनीही ते ठरू दिलं आणि पंगतीत आचाऱ्याच्या सुऱ्यांवर टीका करत फिरले.

यंदा फाल्गुनात मामा गेले. तेराव्याला मंजू वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत हट्टीच. माझ्या लग्नासाठीसुद्धा वाकले नाहीत. आमचे नाना होते म्हणून." शपथ घालणारा गेला की शपथ सुटते का, हे मला ठाऊक नव्हतं.

नानांनी घास खाली ठेवला.

"आले होते," ते म्हणाले. "दोन तास बसले होते माझ्यासमोर. आणि खोटं बोलले."

"बाबा? काय खोटं बोलले?"

"माझा चाकू वाजत नाही म्हणाले."

मंजू भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग पंगतीच्या मधोमध, जमिनीवर, खाली बसली.