काकांचं मयताचं स्पॅनिश

आमचे घरमालक काका जगातल्या कुठल्याही माणसाशी कुठल्याही विषयावर भांडू शकत, आणि समोरच्याची भाषा येत नसेल तर ती शिकून घेऊन भांडत. थापा मारत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. ऐंशीच्या दशकात मी नागपूरहून एम.एस. करायला टेक्सासात, सॅन अँटोनियोला गेले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी माझ्या सुटकेसची चाकं चुकीच्या बाजूला बसवली आहेत यावर त्यांनी मला पाऊण तास अंगणात उभं केलं. एरवी ते मागच्या गॅरेजात बसलेले असायचे, कारण पाण्याचे पंप खोलणं आणि परत जोडणं हा त्यांचा रिटायरमेंटनंतरचा उद्योग होता. काकू परसात येऊन हाक मारायच्या, "अहो, या लवकर, गार होतंय!" पहिल्या हाकेला काका ढिम्म. दुसरीला "हं." तिसऱ्या हाकेला पाना हातात घेऊनच जेवायला यायचे, आणि वर म्हणायचे, "एकदा सांगितलं की कळतं मला."

या तीन हाकांच्या मधल्या वेळात काकू कुंपणापाशी उभ्या राहून शेजारच्या मेक्सिकन आजींशी गप्पा मारायच्या. काकूंना मराठीखेरीज काही येत नव्हतं, आजींना स्पॅनिशखेरीज. तरी अकरा वर्षं दोघींचं तासतासभर चालायचं, हसणं, कपाळावर हात मारणं, मिरच्यांची आणि लोणच्याची देवघेव, सगळं. काका चिडायचे. "काय एवढं बोलता गं तुम्ही?" काकू म्हणायच्या, "तुम्हाला काय करायचंय?"

माझ्या दुसऱ्या वर्षी काकू गेल्या, दोन दिवसांच्या दुखण्याने. काका रडले नाहीत. दिवस केले नाहीत, पितृपक्षात पान वाढलं नाही. मी भीतभीत विचारलं तर म्हणाले, "मेलेला माणूस जेवत नाही. तू परीक्षेचा अभ्यास कर." मला त्यांचा असा राग आला की काय सांगू! आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग नोव्हेंबर उजाडला. मेक्सिकन लोक त्या सुरुवातीच्या दोन दिवसांत आपल्या मेलेल्या माणसांना घरी जेवायला बोलावतात. चौरंगासारखी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, त्यावर फोटो, झेंडूच्या राशी, मेणबत्त्या, साखरेच्या कवट्या, पाण्याचा पेला, आणि 'पान दे मुएर्तो' नावाचा खास पाव, म्हणजे मेलेल्यांचा पाव. शेजारच्या खिडकीतून काकांना ती मांडणी दिसली आणि तिच्यात, आजींच्या नवऱ्याच्या आणि बहिणीच्या मधोमध, आमच्या काकू! आजींच्या नातीनं, रोसानं, कधीतरी कुंपणापाशी काढलेला फोटो. काका तरातरा गेले. "हाऊ डेअर यू? माय वाइफ! विदाउट परमिशन!" आजींनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात पाव ठेवला.

झालं! तक्रार पोचली नाही हे काकांच्या जिवाला लागलं. "मी स्पॅनिश शिकणार," त्यांनी जाहीर केलं, "आणि तिला तिच्या भाषेत सांगणार, फोटो काढून टाक म्हणून." संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. टेबल स्त्रीलिंगी का, यावरून मास्तरांशी तीन आठवडे वाद घातला आणि चौथ्या आठवड्यात मास्तरांनी हात जोडले. मग काकांनी रोसाला गाठलं. पोरगी कॉलेजात जाणारी, समजूतदार. तिनं आजींच्या त्या मांडणीचे फोटो काढून त्यांना दिले, प्रत्येक वस्तूखाली नाव लिहून. काकांनी ती नावं वर्षभर घोकली.

परिणाम असा, की काकांना फक्त मयताचं स्पॅनिश येऊ लागलं. बसचं तिकीट मागता येईना, पण थडगं, कवटी, मेणबत्ती, 'आपल्या दिवंगत मातोश्री' हे अस्खलित. भर मार्चमध्ये बेकरीत जाऊन मेलेल्यांचा पाव मागायचे. बसस्टॉपवर भेटलेल्या बाईला आदबीने विचारायचे, "आपल्या घरी किती मयत?" मी मेले शरमेने! पण गंमत अशी, की कोणी रागवायचं नाही. लोक बसायचे आणि सांगायचे. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस स्वयंपाकघरात बसून तासभर आपल्या आईबद्दल बोलला, रडला, काकांना मिठी मारून गेला. नळ गळत राहिला. काका म्हणाले, "वॉशर गेलाय, बघू. म्हातारी भली होती रे त्याची." त्यांना त्यातलं किती कळलं होतं, देव जाणे.

एक दिवस त्यांची वही टेबलावर उघडी दिसली. वर मोठ्या अक्षरात स्पॅनिशमध्ये तक्रार, खाली मराठीत अर्थ: 'माझ्या पत्नीचा फोटो काढून टाका.' आणि त्याखाली, लिहून खोडलेलं, परत लिहून परत खोडलेलं: 'ती तुमच्याशी काय बोलायची?' मी वही तशीच ठेवली. त्या दिवसापासून माझा राग गेला.

पुढच्या नोव्हेंबरात काका कोट-टाय घालून निघाले. मलाही नेलं, "साक्षीदार पाहिजे" म्हणून. मांडणी सजलेली होती, काकू त्याच जागी. काकांनी वही उघडली, तक्रारीचं पान उलटलं आणि खालचं वाक्य वाचलं, एका दमात. आजींनी काकूंच्या फोटोकडे पाहिलं. मग बोलल्या आणि रोसानं इंग्लिशमध्ये सांगितलं, "ग्रँडमा म्हणते, एक शब्दही कळायचा नाही. ती तिचं बोलायची, मी माझं. फार बरं वाटायचं."

काकांचा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत, आणि हाती काय, तर काही नाही. त्यांनी वही मिटली.

तेवढ्यात आजी मांडणीकडे वळल्या. त्या एकेका फोटोला जेवायला बोलावू लागल्या, नवऱ्याला, बहिणीला. काकूंच्या फोटोपुढे आल्या, हात जोडले आणि स्वच्छ मराठीत, काकूंच्याच हेलात म्हणाल्या, "अहो, या लवकर, गार होतंय."

काका ढिम्म.

आजी थोडं थांबल्या. "अहो, या लवकर, गार होतंय."

रोसा हळूच म्हणाली, "तीनदा म्हणायचं असतं ना? आन्टी रोज तीनदा म्हणायची. ग्रँडमाला वाटतं, जेवायला बोलवायची तुमची प्रेयर आहे."

आजींनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि काका म्हणाले, "आलो गं, आलो."

मग ते तिथेच, मांडणीपुढे जमिनीवर मांडी घालून बसले. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि आजींनी पुढे केलेला पाव खाल्ला. तो खरंच गार झाला होता, पण त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.