जोडवी घातलेली परी

लाकूड दिसलं की ज्याची तहानभूक हरपते असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. राहात्याजवळ पेरूची बाग, दारात ट्रॅक्टर, डोक्यावर टोपी, बाहेरून सगळं चारचौघांसारखं. पण घरात पाऊल टाकलं की आपण कुठे आलो तेच कळत नाही. टीव्हीच्या वर कोरीव द्राक्षांचे घोस, जिन्याच्या कठड्यावर लाकडी कबुतरं, देव्हाऱ्याशेजारी माणसाएवढं मेणबत्त्यांचं झाड. कुठल्याशा चर्चमधलं नक्षीदार व्यासपीठही आहे. त्यामागे उभे राहून पाद्रीसाहेब उपदेश करायचे, आता आमचे साडू तिथे बशीत ओतून चहा पितात. शिर्डीला निघालेले नातेवाईक वाट वाकडी करून येतात, आल्या आल्या भक्तिभावाने हात जोडतात, आणि नेमके कोणाला जोडले ते चहा घेता घेता विचारतात.

गावोगावची जुनी चर्चं नवी व्हायला लागली तसं त्यांचं जुनं लाकूड भंगारात येऊ लागलं. एरवी ते चुलीत जायचं, पण हे टेम्पोत घालून घरी आणतात. दसऱ्याला औजारांबरोबर या सगळ्यांना गंधफूल, आणि नाताळात प्रत्येकापुढे एक मेणबत्ती. मी एकदा हसलो तर म्हणाले, “पाव्हनं, घरी आनलंय त्यांला. त्यांच्या सनाला अंधारात ठेवायचं व्हय?” लाकडाचा हा नाद कुठेही सुटत नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली आणि हे आपले दाराच्या चौकटीवर टिचक्या मारत उभे. बाहेर आल्यावर भावाने विचारलं, “कशी वाटली?” तर म्हणाले, “सागवानी हाय. पन वर रंग चढवून पार नासवलीय.” सोयरीक जुळली, मात्र व्याही अजून यांच्याशी जरा जपूनच बोलतात.

या सगळ्या गोतावळ्याची राणी म्हणजे परी. भंगारवाल्याकडून आणली तेव्हा ती निळ्या ऑइलपेंटचा एक ओबडधोबड ठोकळा होती. साडूंनी ती ओसरीत मांडीवर घेतली, आणि जुना टूथब्रश, कापूस आणि जवसाचं तेल घेऊन दिवसचे दिवस बसले. शेवटच्या दिवशी मी तिथेच होतो. रंगाचे पापुद्रे सुटत गेले. पंख निघाले, मग मानेवरचा अंबाडा निघाला, आणि अगदी शेवटी पाय. पायांच्या बोटांत जोडवी होती. कुणा गावच्या सुताराला देवदूत कोरायला सांगितला असेल. स्वर्गातलं माणूस त्याने बिचाऱ्याने कुठे पाहिलेलं? त्याने घरातलीच बाई कोरली आणि तिच्या पाठीला पंख लावले. साडूंनी हातातला कापूस खाली ठेवला. मग आत हाक मारून म्हणाले, “अगं, कुंकू आन. सवाशीन हाय.”

परीची मान एका बाजूला वळलेली. भिंतीवर टांगली तर तिची नजर बरोब्बर लाईटच्या बोर्डावर यायची. लाईट गेली की आक्का, म्हणजे साडूंची बायको आणि आमच्या हिची थोरली बहीण, म्हणायच्या, “ती बघ, कवा येती त्याची वाट बघतीया.” आम्ही हसायचो. पुढे भंगारवाला बोलून गेला, की ही एकटी नव्हतीच. जोडीतली दुसरी नेवाशाकडच्या एका खेड्यात, चर्चच्या भिंतीवर अजून आहे. झालं, साडूंची झोप उडाली. जेवताना जोड, बागेत जोड. फोनाफोनी करून करून तिथल्या चर्चच्या पंचमंडळींना त्यांनी जेरीस आणलं आणि अखेर होकार मिळवला. टेम्पोत मऊ गोधडी घातली आणि मलाही सोबत घेतलं.

चर्च लहानसं होतं. दार उघडायला एक आजी आल्या. डाव्या भिंतीवर दुसरी परी होती, तसाच अंबाडा, तशीच जोडवी. फक्त मान उलट्या बाजूला वळलेली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि तिथे नुसती एक खुंटी होती.

“जोडीची गेली तवापासनं ही अशीच बसलीया,” आजी म्हणाल्या. “रविवारी माझं ध्यान परार्थनेत कमी, हिच्याकडंच जास्त.”

लाकडासमोर हात न लावता उभे राहिलेले साडू मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. रिकामी गोधडी घेऊन आम्ही परत आलो.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, आणि बोर्डाकडे बघत बसलेल्या परीकडे जरा वेळ पाहिलं. “बहिनी हायत त्या,” त्या म्हणाल्या. “माझी बहीन नगरला. दिवाळीला का हुईना, भेटती तरी. हिला तेवढं बी न्हाई. पोचवून या तिला.”

सवाष्ण घरातून रिकामी कशी धाडायची? आक्कांनी खण, नारळ आणि तांदळाने परीची ओटी भरली. तिला घेऊन आम्ही दोघं पुन्हा चर्चमध्ये गेलो, तेव्हा ते पाहून आजींना हसू फुटलं. “दादा, देवदूतांची लग्नं हुत न्हाईत.”

“मंग जोडवी कशापायी घातली तिनं?” साडूंनी अगदी मनापासून विचारलं.

आजी वाकल्या, परीच्या पायांवरून बोट फिरवलं, आणि त्यांनी तो खण पदरात घेतला. साडूंनी स्वतःच्या हाताने परी खुंटीला लावली आणि बाजूला झाले. दोघींची नजरानजर झाली. आता लाकडाची नजर ती, तिचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. आम्ही तिघंही मान खाली घालून उभे होतो, आणि माझे डोळे भरून आले होते.

आता साडूंच्या घरी ती भिंत रिकामी आहे. तिथे ते कॅलेंडरसुद्धा लावू देत नाहीत. नाताळ आला की पेरूची पाटी टेम्पोत घालून निघतात, आणि कुणी विचारलंच तर “लेकीकडं” म्हणतात. परवा मी गेलो होतो तेव्हा नेमकी लाईट गेली. आक्का सवयीने भिंतीकडे बघून काही बोलायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

“तिकडं बी गेली आसंल लाईट,” साडू हळूच म्हणाले. “पन तिचं आता बोर्डाकडं ध्यान न्हाई.”